कॉम्प्युटरला जात कळत नाही म्हणे!

दरवर्षी सीईटीचा निकाल लागतो, कॅप राउंडच्या याद्या लागतात आणि त्याच आठवड्यात एक मेसेज फिरायला लागतो. मशीनला जात कळत नाही, कोड बरोबर असेल तर चालतो, चुकला तर एरर येते, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आरक्षण कशाला? हा मेसेज पाठवणारे बहुतेक वेळा सज्जन असतात. १४ एप्रिलला ते बाबासाहेबांचं स्टेटसही ठेवतात. आपण बिनतोड मुद्दा काढलाय असं त्यांना मनापासून वाटतं. हा मुद्दा आम्ही चार वर्षं कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकला, कर्जत लोकलमध्ये ऐकला, एकदा तर फळ्यासमोर उभ्या असलेल्या सरांच्या तोंडून ऐकला. तेव्हा गप्प बसलो, कारण टर्मवर्कचे मार्क त्यांच्या हातात होते. आता नाहीत. आता उत्तर देतो.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. मागे भीमाशंकरचा डोंगर, चहूकडे ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या, मधूनमधून बौद्धवाड्या, आणि या सगळ्यांच्या मध्ये उगवलेली मुंबईकरांची फार्महाऊसं. २०१८ साली या परिसरातून आम्ही चौघं एकाच कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागलो. तिघं बौद्ध, त्यात एक मुलगी. चौथा खांडसच्या बाजूच्या वाडीतला ठाकर. चौघांच्याही घरात त्याआधी कुणी बारावी सायन्स केलेलं नव्हतं. तिघांनी डिग्री पुरी केली. चौथ्याची हकिगत पुढे येईलच, खरं तर हा लेख त्याच्यासाठीच आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. नाव घेतलं की चर्चा त्या एकाच कॉलेजची होते आणि बाकीची सगळी सुटतात.

तर, मशीनला जात कळत नाही. मान्य. पण मशीनसमोरच्या खुर्चीला कळते.

पहिल्या वर्षाला सी लँग्वेजचं प्रॅक्टिकल होतं. वीस मुलांची बॅच, लॅबमध्ये चालू असलेली मशीनं जेमतेम आठ-नऊ. एका मशीनवर दोघं, कधी तिघं. खुर्च्या तीन, पण कीबोर्डसमोरची एकच. त्या खुर्चीवर कोण बसायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. ज्याच्या घरी पाचवीपासून कॉम्प्युटर होता तो आपोआप तिथे बसायचा. आमच्यातला एक जण पहिल्या दिवशी चुकून बसला, एका बोटाने अक्षरं शोधायला लागला, तर शेजारचा म्हणाला, "दे रे इकडे, तुला वेळ लागेल, मी पटकन करतो." त्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. तो मुलगा चांगला होता, आजही आमच्या संपर्कात आहे. त्याने पटकन केलं, आउटपुट आलं, तीन प्रिंट काढल्या, तिघांनी आपापल्या जर्नलमध्ये चिकटवल्या, सरांनी तिन्ही जर्नलवर सही केली. वर्षभर हेच. वर्षाच्या शेवटी आमच्या जर्नलमध्ये सगळी प्रॅक्टिकलं पूर्ण होती आणि त्यातलं एकही आमच्या हाताने टाइप झालेलं नव्हतं.

गंमत अशी की थिअरीच्या पेपरात आम्ही मागे नव्हतो. विद्यापीठाचा पेपर ऐंशी मार्कांचा आणि प्रोग्रॅम पेनाने कागदावर लिहायचे. त्यात आमचा हात कुणी धरला नसता, कारण घरी आम्ही तेच करायचो. वहीत प्रोग्रॅम लिहायचा, मग स्वतःच कॉम्प्युटर व्हायचं आणि एकेक ओळ बोटाने चालवत बघायचं की 'आय'ची किंमत आता किती झाली. सेमिकोलन राहिला तर सांगणारं कुणी नाही, म्हणून पाच-पाच वेळा तपासायचं. पॉइंटर आम्ही असे शिकलो. आमचा चौथा मित्र तर लिंक्ड लिस्टचे डबे काढून बाण दाखवत असा समजवायचा की शेजारच्या बेंचवरची मुलंही वळून ऐकायची. पण ओरलला बाहेरचे एक्झामिनर आले, मशीनवर बसवलं आणि म्हणाले, "रन करून दाखव." बोटं थांबली. एक्झामिनरने कागदावर लिहिलं असेल, 'वीक'. मेरिट म्हणतात ते हेच असेल, तर ते बोटांचं मेरिट आहे आणि बोटांना ते घरच्या टेबलावर मिळालेलं आहे.

शाळेत बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे मुलांनी धावत जाऊन उचलले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. आमच्यासाठी कुणी डबे उचलले नाहीत. डबे आम्ही एकत्रच खाल्ले. आमची भाकरी बघून "वा, गावरान!" असंही ऐकलं. फक्त कीबोर्ड मिळाला नाही.

मग मागायचा होता, असं कुणी म्हणेल. मागितला. आमच्यातल्या मुलीने सरांना सांगितलं. सर म्हणाले, ग्रुपमध्ये अॅडजस्ट करा. शेवटी सोय केली ती लॅब असिस्टंट काकांनी. काका आपल्याच समाजाचे. ते म्हणाले, "पोरांनो, मी आठला लॅब उघडतो, लेक्चर साडेनवाला. तेवढ्यात काय ते करा, कुणाला सांगू नका." दुसरं वर्षभर आम्ही पहाटेची एसटी पकडून यायचो, चुकली तर मिनिडोरच्या मागच्या पट्टीवर टेकून कर्जत गाठायचो आणि पुढे लोकल. तो रोजचा दीड तास आमची खरी डिग्री. कॉलेजने दिलेली नव्हे, काकांच्या चावीने दिलेली. ते काका त्या कॉलेजात नसते तर? आमच्यानंतर आलेल्या मुलांना ते मिळाले नाहीत, ते रिटायर झाले. हक्काची गोष्ट एका भल्या माणसाच्या किल्लीवर चालत असेल तर तिला हक्क कुणी म्हणावं?

इथे कुणी विचारेल, शाळेत कॉम्प्युटर नव्हता का? होता. बंद खोलीत, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. वर्षातून एकदा साहेब तपासणीला आले की कव्हर निघायचं. वीज असायची तर शिक्षक नसायचे, शिक्षक असायचे तर वीज गेलेली. आणि हे कुठल्या तालुक्यात? आमच्या कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून उभं आहे. खोपोलीचं तर त्याच्याही आधीचं. सह्याद्रीचं पाणी आमच्या डोंगरावरून खाली पडतं, त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. शंभर वर्षं जाते आहे. पाऊस पडला की आमच्या वाड्यांत मात्र कंदील.

लॉकडाऊनचं वर्ष आठवलं की आजही अंगावर येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडावर आलं, झाडं आणि विजेचे खांब झोपले, आणि त्यानंतर काही आठवड्यांत ऑनलाइन लेक्चरं सुरू झाली. आमच्यातल्या एकाचे बाबा एका फार्महाऊसवर माळी होते. मालक पुण्याच्या आयटीवाले, लॉकडाऊनमध्ये तिथेच राहायला आलेले. त्यांच्या वायफायची रेंज मागच्या कंपाउंडपर्यंत यायची. त्यांनी पासवर्ड दिला, नाही म्हणणार नाही. फक्त आत यायला सांगितलं नाही. सबंध पावसाळा आमच्या मित्राने त्या भिंतीवर छत्री धरून ऑपरेटिंग सिस्टिमची लेक्चरं ऐकली. आत मालकांचा मुलगा, आमच्याच वयाचा, तोही इंजिनिअरिंगला. दोघांनाही तोच सिलॅबस, तीच परीक्षा. निकालाच्या दिवशी दोघांचे पॉइंटर शेजारी ठेवून बघा आणि मग सांगा कोण किती हुशार.

आता जातीबद्दल. मशीनला जात कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कॅपचं अलॉटमेंट लेटर उघडून बघावं. त्यावर सीट टाइप छापलेला असतो. जीओपीईएनएच म्हणजे होम युनिव्हर्सिटीची खुली जागा, जीएससीएच म्हणजे अनुसूचित जातीची, एलएससीएच म्हणजे अनुसूचित जातीच्या मुलीची. ही अक्षरं कॉम्प्युटरच छापतो. आम्हाला त्या अक्षरांची लाज नाही. ती संविधानाने दिलेली आहेत आणि सगळ्या कॉलेजात तेवढा एकच कागद आमच्याशी सरळ वागला. लाज वाटायला लावतात ते लेक्चर मध्येच थांबवून येणारे शिपाईमामा, नव्हे, त्यांच्या हातात नोटीस देणारं ऑफिस: "एससी-एसटीच्या मुलांनी स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी खाली यावं." ऐंशी मुलांतून बारा उठतात. दाराकडे जाताना पाठीला डोळे चिकटतात. त्या दिवसापासून "तुझा स्कोअर किती होता रे?" हा प्रश्न सुरू होतो. स्कोअर कशाला हवा असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं.

हे फक्त आमच्या गावठी कॉलेजात होतं असं समजू नका. आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी १२ फेब्रुवारी २०२३ ला गेला. जात कळल्यावर मुलांचं वागणं बदललं, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. संस्थेच्या समितीने सांगितलं की थेट जातिभेदाचा पुरावा सापडला नाही. पण त्याच वर्षी संस्थेला विद्यार्थ्यांसाठी सूचना काढाव्या लागल्या की एकमेकांना जेईईची रँक विचारू नका, ते जात विचारण्यासारखं होऊ शकतं. जिथे जातच नाही तिथे अशी सूचना लागते कशाला?

आता चौथ्या मित्राबद्दल.

प्रोफेशनल कोर्सला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा आहे. पुरावा हवा तो जुना. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा खाणारे होते आणि आहेत, म्हणून तपासणी हवी, हे आम्हीही म्हणतो. पण आमच्या मित्राचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. पणजोबाही नाहीत. त्या काळात डोंगरातल्या ठाकराच्या पोराला शाळेत घेतलं कुणी असतं? म्हणजे बघा, आजोबांना शाळा मिळाली नाही म्हणून त्यांचा शाळेचा दाखला नाही, आणि आजोबांचा दाखला नाही म्हणून नातवाला शाळा मिळत नाही. पुढे ठाकुरांच्या प्रकरणात आणखी एक परीक्षा असते. लग्नात काय करता, देव कोणता, मेल्यावर काय करता, बोली कशी. मुलाच्या उत्तरांवरून तो आदिवासी आहे की नाही हे टेबलापलीकडचे लोक ठरवतात. ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितलं. आमच्या मित्रासाठी ते तीन वर्षं उशिरा आलं.

त्याचा अर्ज पडून राहिला. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचे फॉर्म निघाले तेव्हा कॉलेजने त्याला ओपनमध्ये धरलं. आम्ही चौघंही ऑफिसच्या खिडकीवर गेलो होतो, त्यामुळे हे संभाषण आम्हाला शब्दशः आठवतं.

"सर, व्हॅलिडिटीचा अर्ज दिलाय. ही पावती."

"पावतीने फी भरत नाहीत."

"शिष्यवृत्ती आली की सगळी भरतो, सर."

"ती येईल तेव्हा येईल. तुझी पूर्ण फी बाकी दाखवतंय सिस्टिमला. भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही." मग जरा मऊ आवाजात, जणू मदतच करताहेत, "बाबांची जमीन असेल ना? तुमच्याकडे जमिनीला काय भाव आलाय माहितीये."

जमीन होती. ती आजोबांच्या वेळीच गेली. तिथे आता दुसऱ्याचा स्विमिंग पूल आहे आणि आई त्या घरी धुणीभांडी करते. तो हे बोलला नाही. पावतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "चला रे, पाचची गाडी जाईल." त्या सेमिस्टरला त्याचा ड्रॉप लागला. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. घरच्यांबरोबर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला. त्याची व्हॅलिडिटी नंतर आली. घरी पोस्टाने आली तेव्हा त्याने ती आम्हाला फोटो काढून पाठवली आणि खाली फक्त एक हसणारा चेहरा.

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून आधी फी मागू नका, अशी शासनाची परिपत्रकं आहेत. ती ऑफिसच्या फायलीत असतात. कॉलेज म्हणतं, सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत, आम्ही पगार कुठून द्यायचे? सरकार म्हणतं, पोर्टलवर त्रुटी आहेत. पोर्टल म्हणतं, 'अंडर स्क्रुटिनी'. आता तर केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्याने तो कॉलेजला नेऊन भरायचा. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडले. जोडलेलं असेल आणि घरात कुणी आजारी असेल तर पैसे औषधाला गेले, आणि आमचा पोरगा कॉलेजचा थकबाकीदार झाला. सरकारने देणं द्यायचं होतं. त्याने हुशारीने मधला माणूस काढला आणि कर्ज आमच्या नावावर टाकलं.

पैसे आणि सर्व्हर मिळून काय करतात ते देशाने दोनदा पाहिलंय. २०२१ मध्ये गाझियाबादच्या एका दलित मुलाला आयआयटी मुंबईत सिव्हिलला जागा मिळाली. फी भरताना वेबसाइट चालेना, मुदत संपली, जागा गेली. २०२४ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या रोजंदारी मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकल मिळालं. १७,५०० रुपये शेवटच्या मिनिटापर्यंत जमवताना पोर्टल बंद झालं. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून प्रवेश द्यायला लावला. आम्हाला आनंद झाला. पण दिल्लीपर्यंत पोचणारे दोन. खिडकीवरून घडी घातलेली पावती घेऊन परत जाणारे किती, याची यादी कुठल्या कोर्टात लागते?

बाबासाहेबांना हे सगळं आधीच दिसलं होतं, असं आम्ही भक्तिभावाने म्हणत नाही, कागदावर आहे म्हणून म्हणतो. २९ ऑक्टोबर १९४२ ला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांचा मुद्दा असा की कला आणि कायद्याचं शिक्षण आमच्या मुलांना फार पुढे नेणार नाही, पुढे नेईल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण, आणि ते इतकं महाग आहे की सरकारने खर्च उचलल्याशिवाय ते आमच्या आवाक्यात येणार नाही. म्हणून देशातल्या तांत्रिक शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये त्यांनी मागितले. अलिगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार पैसे देतं, तर आम्हाला का नाही, हाही हिशेब त्यांनी मांडला. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या रेट्यातून. आजची महाडीबीटीवरची 'अंडर स्क्रुटिनी' ही तिचीच नात. आणि हे मागणारा माणूस कोण होता? ज्याला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं होतं. मुदत संपली म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

ते निवेदन सरकारने खर्च करावा यासाठी होतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि तंत्रशिक्षण साखर कारखान्यासारखं झालं. संचालक मंडळ तेच, फक्त उसाच्या जागी आपली मुलं. त्या कॉलेजांमुळे ग्रामीण भागात जागा वाढल्या हे खरं, आम्हीही तशाच जागेवर शिकलो. पण आता एआयसीटीईने चांगल्या म्हणवणाऱ्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादाही काढून टाकली आहे. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढताहेत, लॅबमधली मशीनं तेवढी वाढत नाहीत. मागच्या खुर्च्या मात्र वाढतील.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, लोणेऱ्याला, बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ पासून. कशेळ्याहून ते मुंबईपेक्षा लांब. तिथे राहायला गेलो असतो, पण राहायचं म्हटलं की पुन्हा वसतिगृह, आणि वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधारचा अर्ज, आणि स्वाधारचे पैसे वर्ष संपता संपता. आमच्या कर्जत तालुक्यात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे चैत्याशेजारी विहार आहे, भिक्खूंना राहायच्या छोट्या खोल्या, दगडात कोरलेल्या. शिकणाऱ्या माणसाला आधी डोक्यावर छप्पर लागतं, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी कळलं होतं.

मराठीतून इंजिनिअरिंग हा नवा उपाय सध्या जोरात सांगितला जातो. २०२१-२२ पासून पुण्यात पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरूही झाली. आम्ही मराठीच्या विरोधात नाही. आम्हाला पॉइंटर मराठीतच समजले, चौथ्या मित्राने समजावले तेव्हा. पण एक विचारतो, हा उपाय सुचवणाऱ्यांची स्वतःची मुलं त्या तुकडीत आहेत का? कंपनीचा इंटरव्ह्यू मराठीत होणार आहे का? सर मराठीत समजावोत, पुस्तक दोन्ही भाषांत असो, इंग्रजी बोलायला वेगळे तास द्या. एकाला इंग्रजी आणि दुसऱ्याला मराठी अशी वाटणी करू नका. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे विचारलं होतं की शेतकऱ्याच्या करातून गोळा झालेला पैसा कुणाच्या शिक्षणावर खर्च होतो. तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

प्लेसमेंटबद्दल थोडक्यात. बहुतेक मोठ्या कंपन्यांची अट असते: दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे साठ टक्के, मध्ये गॅप नको, लाइव्ह केटी नको. वाचायला ही अट किती निर्मळ दिसते! गॅप कुणाला पडतो? ज्याचं हॉल तिकीट अडतं त्याला. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि समुद्रापार गेलं तरी जात मागे येत नाही असंही नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला, तो आयआयटीत शिकलेल्या एका दलित इंजिनिअरला जातीवरून त्रास दिल्याच्या आरोपाचा. तो आरक्षणातून आयआयटीत आला, हे त्याच्याच वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितलं, असा आरोप त्यात होता. आयआयटीतली रँक सिलिकॉन व्हॅलीत विचारली गेली. तिथली मशीनंही जात न ओळखणारीच असतील.

आता दोन शब्द आपल्या माणसांना, कडू लागतील. आपल्या भागात जयंतीला एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात सेकंडहँड लॅपटॉप तीन-चार तरी येतात. आम्ही हे बोललो तर एका मंडळाच्या दादांनी सुनावलं, "शिकलात म्हणून शहाणपणा शिकवता का?" हो, त्यासाठीच शिकवलंत ना आम्हाला? दादांनी नंतर वर्गणीतून एक लॅपटॉप दिला, हेही लिहायला हवं.

तो धरून आमच्याकडे आता पाच मशीनं आहेत, सगळी जुनी. बौद्धवाडीतल्या विहारात दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आठवी ते बारावीची मुलं येतात, बौद्धवाडीतली आणि ठाकरवाड्यांतलीही. मशीनं दुरुस्त करतो तो आमचा चौथा मित्र. कशेळ्याच्या नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पैसे घेत नाही. त्याने एकच नियम घालून दिलाय: एका मशीनवर एका वेळी एकच मूल, आणि दुसऱ्याने त्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, कितीही वेळ लागू दे. मागच्या रविवारी सातवीतल्या एका कातकरी मुलीने स्वतःचं नाव टाइप करायला दहा मिनिटं घेतली. मागे चार मुलं उभी होती. कुणी "दे इकडे" म्हणालं नाही. मग वीज गेली.

या वर्षी जे बारावी सायन्सला आहेत त्यांनी निकालाची वाट न बघता आत्ताच यावं. येताना स्वतःचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा असेल तर तोही, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आणि खातं आधारला जोडलंय का ते बँकेत विचारून या. आजोबांचा दाखला नसेल तर जुना सातबारा, फेरफार, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, काय सापडेल ते शोधू, तहसीलला आम्ही सोबत येतो. हॉल तिकीट कुणी अडवलं तर एकट्याने खिडकीवर जाऊ नका. आम्हाला फोन करा.

जय भीम.